पेडगावात लावलेली भुताची पोथी

मार्तंड गुरुजींच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला आणि त्यापायी पेडगावचा सप्ताह मोडायची वेळ आली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं परभणीच्या डॉक्टरांना कोणी सांगितलं असतं, तर त्यांनी सांगणाऱ्याला तपासायला घेतलं असतं. पण संबंध होता. तो जुळवायला एक फोन, एक तांब्याचा कलश आणि शेजारच्या धुरपताबाई एवढं सामान पुरलं.

डॉक्टरांनी बजावलं होतं की काही दिवस वाचन बंद. गुरुजींना हे जेवण बंद म्हटल्यासारखं लागलं. ते शेंगदाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा दोन्ही बाजूंनी वाचूनच टाकणारे गृहस्थ. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी उभी हयात पोरांना मोठ्यानं वाचायला शिकवण्यात घालवली. स्वल्पविरामाला थांबायचं, पूर्णविरामाला श्वास घ्यायचा, प्रश्नचिन्हाला भुवया वर. पेडगावात आजही कोणी "बस गेली का?" विचारलं, तरी त्याच्या भुवया वर जातात. त्या गुरुजींच्या भुवया.

पुण्याला असलेल्या मुलीनं, मधुवंतीनं, वडिलांच्या फोनमध्ये पुस्तकं वाचून दाखवणारं अ‍ॅप टाकून दिलं. पहिला महिना फुकट होता. बाबा सप्ताहात पेटी वाजवतात म्हणून तिनं संगीतावरचं पुस्तक शोधलं. एकाच्या मुखपृष्ठावर तंबोरा होता, नाव 'खर्जाची तार'. एखाद्या थोर गायिकेचं चरित्र असणार असं समजून तिनं तेच लावून दिलं.

"दुसऱ्यानं चावलेला घास आहे हा," गुरुजी बायकोला, हेमाकाकूंना म्हणाले.

"दात नसले की तोच गोड लागतो," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. काकूंचं हे नेहमीचंच. बोलायचं आणि उत्तराची वाट न बघता आत जायचं.

दुपारी गुरुजी अंगणातल्या लिंबाखाली खाटेवर आडवे झाले. फोनचा आवाज बारीक यायला लागला, तेव्हा विज्ञान विषयही शिकवलेला असल्यामुळे त्यांनी देवघरातला तांब्याचा कलश आणला, समोर पाटावर ठेवला आणि त्यात फोन उभा केला. आवाज गोल होऊन घुमायला लागला. मग त्यांनी डोळ्यात औषध टाकलं आणि डोळे मिटून, हात पोटावर जोडून पडून राहिले.

तेवढ्यात धुरपताबाई विरजण मागायला आल्या. त्यांनी काय पाहिलं? पाट. पाटावर कलश. समोर गुरुजी, डोळे मिटलेले, हात जोडलेले, गालावरून पाणी ओघळतंय. आणि एक बाई शांत, स्वच्छ आवाजात वाचायलीय. धुरपताबाईंनी चपला फाटकाशी काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि वाटी मांडीवर ठेवून खाली बसल्या.

भाग संपला. गुरुजींनी डोळे उघडले, तर समोर धुरपताबाई कलशाला नमस्कार करत होत्या.

"कोणची पोथी लावलीत, गुरुजी?"

"पोथी नाही धुरपताबाई, कादंबरी आहे."

"आसंल. कोणच्या देवाची?"

गुरुजी समजावून सांगणार होते, पण शिकवण्याचा त्यांचा एक नियम होता. मूल स्वतःहून वर्गात येऊन बसलं, तर आधी त्याला बसू द्यावं, चूक मागाहून दुरुस्त करावी. इथे तो नियम अंगलट आला. ती चूक दुरुस्त करायची पुढे सोयच उरली नाही.

कारण दुसऱ्या दिवशी धुरपताबाई चतुराबाईंना घेऊन आल्या. चतुराबाई म्हणजे मारुतीच्या देवळामागं राहणाऱ्या. आवाज असा की शेतातून हाक मारली, तर घरी चहा ठेवला जायचा. त्यांच्या पाठोपाठ आळीतल्या आणखी बायका आल्या. हरभरा निघालेला, तूर घरात आलेली, दुपारी सगळ्यांना फुरसत. कोणी येताना मूठभर गहू आणून कलशापुढं ठेवू लागलं. धुरपताबाईंनी तर फोनला हळदकुंकूच लावलं. कुंकू चार्जरच्या भोकात गेलं आणि वायर आत शिरेना. हेमाकाकूंनी ते सेफ्टीपिनेनं कोरून काढलं. काढताना त्या काय पुटपुटत होत्या ते गुरुजींनी मुद्दाम ऐकलं नाही.

आता गावाकडं पोथीची एक रीत आहे. एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. वाचणारी बाई फोनमध्ये होती. अर्थ सांगायचं काम आपोआप गुरुजींकडं आलं. ते बोट लावून फोन थांबवत आणि सांगत. गोष्ट होती डोंगरातल्या एका संगीत शाळेची. तिथं प्रियांका नावाची मुलगी गाणं शिकायला येते. शाळेत एक बंद खोली आहे आणि खोलीत एक तंबोरा.

"खर्ज म्हणजे सगळ्यात खालचा सा," गुरुजींनी गाऊन दाखवला.

"म्हंजी आमच्या म्हशीचा," चतुराबाई म्हणाल्या. "पान्हा दाटला की आसाच काढती."

"अगदी बरोबर!" गुरुजी मनापासून म्हणाले. किती तरी वर्षांनी त्यांच्यापुढं वर्ग बसला होता, आणि वर्गही असा की एकीचंही लक्ष खिडकीबाहेर नाही. पण दोनच दिवसांत वर्गातून सूचना यायला लागल्या.

"गुरुजी, अर्थ जरा थोडक्यात सांगा. बाईला वाचू द्या."

"तुमी सांगितलं की डोक्यात जातंय, बाईनं वाचलं की पोटात जातंय."

भर वर्गात असं ऐकून घ्यायची गुरुजींना सवय नव्हती. त्यांनी रुसून एक अख्खा भाग अर्थ सांगितलाच नाही. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. मग त्यांनीही नीट कान देऊन ऐकलं, वाचणारीच्या चुका काढायच्या म्हणून. आणि गुरुजी हरले. ती बाई जोडाक्षर गिळत नव्हती. म्हातारा बोलला की म्हातारा दिसायचा, मुलगी बोलली की मुलगी, आणि तरी आवाज तिचाच. दाराची कडी सरकली असं ती म्हणायची आणि बायका फाटकाकडं बघायच्या. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिला थांबता यायचं. गुरुजींनी शेकडो पोरांना थांबायला शिकवलं होतं. पण अशी थांबणारी त्यांच्या हातून एकही घडली नव्हती, हे त्यांनी मनातल्या मनात कबूल केलं. परीक्षा असती तर त्यांनी पैकीच्या पैकी मार्क दिले असते. त्यांनी एरवी कोणालाच ते दिले नव्हते, सख्ख्या मुलीलासुद्धा.

आणि मग पाचव्या अध्यायात खोलीतला तंबोरा आपोआप वाजला.

खर्जाची तार. कोणाचा हात नाही, वारा नाही. आणि जो त्या तारेबरोबर गुणगुणेल, त्याचा आवाज जायचा. आधी शिपायाचा गेला. मग शाळा चालवणाऱ्या साक्षात पंडितजींचा. आळीतल्या बायका एकमेकींना चिकटून बसल्या. उठून मात्र एकही गेली नाही.

त्याच दुपारी मधुवंतीचा फोन आला.

"बाबा, ती कादंबरी भुताची आहे म्हणे! मला आत्ता कळलं. ऐकू नका हं, तुमचं बीपी वाढेल."

"छे, मी कधीच बंद केली," गुरुजी म्हणाले. "पडून असतो आता."

मागून धुरपताबाई ओरडल्या, "गुरुजी, उरका की! भूत दारात उभं हाय!"

"कोण उभंय बाबा?"

"पाहुणे," गुरुजी म्हणाले आणि फोन ठेवला. आयुष्यभर पोरांना खरं बोला सांगितलेला माणूस. त्यांनी हेमाकाकूंकडं पाहिलं नाही. हेमाकाकूंनी मात्र त्यांच्याकडं चांगलं पोटभर पाहिलं.

इथवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते चतुराबाईंच्या घशामुळं. पंडितजींचा आवाज गेला त्याच्या दुसऱ्या सकाळी चतुराबाईंचाही गेला. त्या शेतात वानरं हाकलायला आदल्या दिवशी सकाळभर ओरडल्या होत्या आणि वर पोत्यानं तुरीची धूळ खाल्ली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. पण त्याच दुपारी गोष्टीतला तंबोरा वाजला तेव्हा त्याही गुणगुणल्या होत्या, हे आळीला ठाऊक होतं. बायकांनी संध्याकाळी आपापल्या नवऱ्यांना गोष्ट सांगितली, नवऱ्यांनी ती पारावर नेली. पारावर जाईजाईतो तंबोऱ्याची वीणा झाली होती आणि ती वीणा आपल्याच देवळातली होती.

आणि नेमकी त्याच वेळी कादंबरी बंद पडली. फुकटचा महिना संपला. एकच अध्याय उरला होता, तारेवर बोट ठेवून प्रियांका उभी होती, आणि फोनवर अक्षरं आली की पुढे ऐकायचं असेल तर पैसे भरा.

"आता वं?" धुरपताबाईंचा चेहरा उतरला. "गुरुजी, पोथी कधी अधुरी ठेवतेत का? आन ही तर आसली! भूत खोलीतून भाहीर काढलं, आत घालायचं ऱ्हाऊन गेलं. आता ते जाईल कुठं?"

ते कुठं जाईल, हे सांगायला बन्सीधर पाटील आले. सप्ताहाचे अध्यक्ष. मिशा एवढ्या की आधी मिशा फाटकातून आत आल्या, मागून पाटील.

"गुरुजी, सप्ता तोंडावर आला आन विणेकरी मिळंना झालाय."

पेडगावचा सप्ताह अखंड असतो. सात दिवस देवळात कोणी ना कोणी गळ्यात वीणा घालून उभं राहतं. वीणा जमिनीला टेकत नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. पूर आला होता तेव्हा टेकली नव्हती, साथ आली होती तेव्हाही टेकली नव्हती.

"पहारे वाटायला बसलो, तर ज्याला इच्यारावं त्याचा खांदा दुखायलाय," पाटील म्हणाले. "दरसाल भांडणारे लोक! म्हनतेत, गुरुजींची पोथी संपू द्या, मंग बघू. सप्ता मोडला तर नाव तुमचं निघंल गुरुजी. तुमी आमाला वाचायला शिकवलं, तुमाला बोलायचं लय अवघड जातंय, पन निघंल."

पाटील जायला वळले, थांबले, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ती पोरगी तार छेडती का हो?"

गुरुजींनी त्या दिवशी एक धाडस केलं. बायकांना बोलावलं, फोनशिवायच बसले आणि म्हणाले की शेवटचा अध्याय आपल्याला माहीत आहे. पोरांना गोष्टी सांगून सांगून घडलेली जीभ. त्यांना वाटलं, जमेल.

"मग प्रियांकानं देवाची प्रार्थना केली. भूत विरघळलं. पंडितजींनी सगळ्या शाळेला पेढे वाटले."

धुरपताबाई म्हणाल्या, "पेढे आणले कोणी?"

"पंडितजींनीच."

"त्यांचा तर आवाज गेलता. दुकानदाराला मागितले कसे?"

चतुराबाईंनी बोलता येत नसल्यामुळं नुसती मान हलवली, पण ती अशी हलवली की बोलणं बरं वाटावं.

"गुरुजी," धुरपताबाई समजुतीनं म्हणाल्या, "तुमची गोष्ट वाईट न्हाई. लेकरं निजवायला चांगली हाय. पन ती बाई आशी संपवणार न्हाई. तिनं एवढं मन लावून भ्या घातलंय, ते काय पेढ्यासाठी?"

गुरुजी रात्री जेवले नाहीत. टीका लागली म्हणून नव्हे. टीका बरोबर होती म्हणून.

दुसऱ्या दिवशी ते ऑटोत बसून परभणीला गेले. पैसे भरायचे तर फोनला बँक जोडलेली हवी, बँकेत जुना नंबर होता, आणि नंबर बदलायचा तर आधारची खूण पटायला हवी. सेवा केंद्र चालवणारा सिद्धोधन त्यांचाच विद्यार्थी. तो खुर्चीतून उठला, पाया पडला, चहा सांगितला आणि अंगठा मशीनवर ठेवायला लावला. मशीननं नकार दिला. दुसरा अंगठा. नकार. मग एकेक करून सगळी बोटं.

"सर, तुमची बोटं गुळगुळीत झालीत," सिद्धोधन म्हणाला. "खडूनं. त्यातली निम्मी माझ्यावरच झिजली असतील."

"मग आता?"

"डोळा लावू."

उजवा डोळा ऑपरेशनचा, त्यातून पाणी. डाव्यात मोतीबिंदू अजून मुक्कामाला. मशीननं दोन्ही डोळे पाहिले आणि लाल दिवा लावला.

"काय म्हणतंय ते?"

सिद्धोधन अवघडला. "म्हणतंय, तुम्ही तुम्हीच आहात हे सिद्ध होत नाही."

"अरे, तुला बाराखडी कोणी शिकवली?"

"तुम्हीच सर. पण मशीनला नाही ना शिकवली."

अशा रीतीनं, आपण आपणच असल्याचा पुरावा न मिळालेले मार्तंड गुरुजी उन्हात घरी परत आले आणि खाटेवर बसले. रिकामा कलश समोर होता. कोणीतरी सवयीनं त्याच्यापुढं गहू ठेवून गेलं होतं. सप्ताह परवावर आला होता. गावानं त्यांना एवढ्या वर्षांत एकदाही नावं ठेवली नव्हती, आणि आता ठेवायची म्हणजे कशासाठी, तर एका न संपलेल्या गोष्टीसाठी.

हेमाकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी गुरुजींच्या हातातला फोन घेतला आणि पुण्याला लावला.

"मधू, तुझे बाबा तुझ्याशी खोटं बोलले. ते नंतर बघू. आधी त्या भुताचा शेवटचा अध्याय चालू करून दे. गाव खोळंबलंय." मग थोडं ऐकून, "नाही गं, बीपी माझं वाढलंय."

हेमाकाकू आत जाऊन भाजीला फोडणी घालतात न घालतात तोच फोननं टिंग केलं. मधुवंतीनं पुण्याहून पैसे भरून अध्याय उघडला होता. अंगठा नाही, डोळा नाही. गुरुजींनी फोनकडं आणि मग स्वयंपाकघराकडं पाहिलं. एवढा अपमान इतक्या सहज कोणी करू नये, असं त्यांना वाटलं. आणि फोडणीचा वास आल्यावर भूकही लागली.

समाप्ती अंगणात मावणार नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी देवळापुढच्या मांडवात कलश ठेवला. बायका होत्या, आणि "मांडवाचं काम बघायला" म्हणून आलेले सगळे पुरुषही होते. बन्सीधर पाटील खांबाला टेकून दुसरीकडं बघत पुढे पुढे सरकत होते.

वाचणारी वाचू लागली. प्रियांकाला कळतं की खर्ज वाजवणारं भूत राजेश्रीचं आहे, ती त्याच शाळेत शिकलेली. पहिल्या मैफलीत ती गायला बसली आणि पंडितजींनी भर सभेत तिला अर्ध्यावर उठवलं. पुन्हा ती कधी गायलीच नाही. तिला कोणाचा आवाज घ्यायचा नव्हता. तिला आपलं गाणं पुरं करायचं होतं, आणि ते वाजू लागलं की जो तो आपलंच गुणगुणायचा नाही तर पळायचा. प्रियांका तारेवरचं बोट काढून घेते. दार लावून न घेता तंबोऱ्यासमोर मांडी घालून बसते. म्हणते, "गा. मी ऐकते आहे."

आणि आवाज थांबला.

मांडवात कोणी हललं नाही. कलश गप्प. बराच वेळ गप्प. गुरुजी पुढे सरकले. बॅटरी गेली, का पुन्हा कुंकू शिरलं? ते वाकले, त्यांनी हात पुढे केला, आणि फाटक्या पत्र्यासारखा एक आवाज मांडवात कडाडला.

"हात लावू नका! ती श्वास घ्यायलीय!"

चतुराबाई. सगळ्या गावाच्या माना वळल्या. इतके दिवस ज्यांच्या घशातून हुंकारसुद्धा निघाला नव्हता, त्या चतुराबाई. त्यांनी स्वतःच दचकून गळ्याला हात लावला.

गुरुजींनी हात मागे घेतला आणि कान कलशापाशी नेला. अगदी आत, बारीक, एक श्वास होता. ती बाई होती तिथं. थांबली होती. राजेश्रीचं सगळं गाणं होईपर्यंत ती थांबली, आणि तिच्याबरोबर पेडगाव थांबलं. मग ती एवढंच म्हणाली, "गाणं संपलं." आणि पूर्णविराम असा घेतला की गुरुजींचा ऑपरेशनचा डोळा वाहायला लागला. या खेपेला औषध टाकलेलं नव्हतं.

धुरपताबाईंनी नारळ फोडला. कलशाची आरती झाली. वाचणाऱ्या बाईला आपल्याकडची तुरीची डाळ कशी पाठवायची यावर पुरुषांत वाद झाला, कारण तिचा पत्ता कोणालाच माहीत नव्हता.

तरीही दुसऱ्या सकाळी सप्ताह सुरू व्हायची वेळ आली, टाळकरी उभे राहिले, गुरुजी पेटीवर बसले, आणि बन्सीधर पाटलांनी वीणा दोन्ही हातांत घेऊन चौफेर पाहिलं, तर पुढं कोणी येईना. भूत शांत झालं होतं, हे सगळ्यांना मान्य होतं. पण पहिला नंबर कोणालाच नको होता. पाटलांचे हात भरून आले. वीणा इंचाइंचानं जमिनीकडं उतरायला लागली.

धुरपताबाई बायकांतून उठल्या. बायकांचे पहारे दुपारचे, पहिला मान पुरुषाचा, हे त्यांना माहीत होतं आणि पाटलांनाही. पाटलांनी नुसतं वीणेकडं पाहिलं. धुरपताबाईंनी पदर खोचला, वीणा उचलून गळ्यात घातली.

त्यांची बांगडी तारेला लागली. किंवा वारं लागलं असेल. तार वाजली, खालच्या सुरात, लांब.

पाटील मागं सरले ते तुळशीच्या कुंडीवर बसले.

धुरपताबाईंनी मान खाली घालून वीणेकडं पाहिलं. माहेरी आलेल्या, बुजून न बोलणाऱ्या लेकीकडं बघावं तसं.

"वाज माय, वाज," त्या म्हणाल्या. "आमी ऐकायलोत."

गुरुजींनी पुरता एक श्वास घेतला, भाता सोडला आणि सगळ्यात खालचा सा धरला.